निळ्या शर्टवरची सावली

तुम्ही दोघांनी मागितलेलं चित्र अजून माझ्या कपाटावरच आहे. पुठ्ठ्यात बांधून, वर तुमचा पत्ता घालून ठेवलंय, पण कुरिअरकडे नेलेलं नाही. फोनवर तुम्ही विचारलंत की मी म्हणते, अजून थोडं काम राहिलंय. काम काही राहिलेलं नाही. ते चित्र काढताना काय झालं हे तुम्हाला ठाऊक नाही, आणि ते न सांगता चित्र तुमच्या भिंतीवर लागावं हे मला बरं वाटत नाही. तुमच्या बाबाला एवढंच माहीत आहे की दिंडोरीजवळ आजोबांना उन्हात जरा चक्कर आली. ती चक्कर नव्हती. आणि ऊनही तेव्हा फारसं नव्हतं.

माझं सगळं शिक्षण इंग्रजीत झालं आणि तुम्हालाही इंग्रजी वाचायला सोपं जाईल. पण आजोबांचं बोलणं इंग्रजीत लिहायला घेतलं की ते दुसऱ्याच कुणाचं तरी वाटायला लागतं. म्हणून हे मराठीत. अडलं तर बाबाला विचारा. त्यानेही वाचलं तर बरंच आहे.

उघड्यावर बसून चित्र काढणं हे माझ्यासारख्या व्यवस्थित बाईचं काम नाही, असं आजोबा नेहमी म्हणतात. घरात माझ्या प्रत्येक वस्तूला जागा असते. बाहेर मात्र उजेडाला जागा नसते. सकाळी झाडाची सावली डावीकडून येत असते, आपण रंग कालवून वर बघावं तर ती सरकलेली असते. थंडीत धुकं असलं की कागद वाळतच नाही आणि एका रंगात दुसरा पसरत जातो. मार्च उजाडला की उलट, कुंचला उचलायच्या आत रंग वाळून त्याला कड धरते. मी साठीनंतर जलरंग शिकले, तेव्हा आमच्या शिक्षिकेने एक नियम घालून दिला होता. बसल्या बसल्या पहिल्यांदा सावल्या कुठे आहेत ते पेन्सिलीने पक्कं करायचं. नंतर उजेड कुठेही जाऊ दे, कागदावरच्या सावल्या हलवायच्या नाहीत. हा नियम मला फार आवडला. बाहेर सगळं बदलत असताना निदान कागदावर काहीतरी जागेवर राहतं. तरीही चित्र काढताना माझ्या पोटात सतत एक गोळा असतो. ढग आला तर, वारा सुटला तर, मी चुकीच्या वेळी पाणी जास्त घेतलं तर.

आजोबा माझ्याबरोबर येतात ते चित्रात बसायला. मोकळ्या माळाच्या किंवा डोंगराच्या चित्रात एखादा माणूस असला की डोंगर केवढा आहे ते कळतं. माणूस पाठमोरा बसवायचा, कारण चेहरा दिसला की बघणारा डोंगर सोडून चेहऱ्याकडेच बघतो. आजोबांना हे काम मुळीच जमत नाही. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात सगळी नोकरी त्यांनी मीटरच्या या काट्याकडून त्या काट्याकडे फिरत काढली. एका जागी बसणं त्यांना शिक्षा वाटते. तुमच्याकडे गंगापूर धरणाच्या काठाचं जे चित्र आहे, त्यात त्यांनी मध्येच पायावर पाय टाकला आणि मी आधीचा पाय पुसायला विसरले. तीन पायांचे आजोबा म्हणून तुम्ही ते मित्रांना दाखवता हे मला माहीत आहे. याच हिवाळ्यात तुम्ही म्हणालात, “आजी, आता एक दोन पायांचे आजोबा काढून पाठव.” म्हणून हे चित्र निघालं. यात तुमचा काही दोष नाही. हे वाक्य पुन्हा वाचा आणि मगच पुढे चला.

आता आजोबांच्या मधुमेहाबद्दल. ते सकाळी इन्शुलिन घेतात हे तुम्ही पाहिलेलं आहे. ते घेतलं की ठरलेल्या वेळी खावंच लागतं. नाही खाल्लं तर रक्तातली साखर उतरते. आधी घाम येतो, हात कापतात, मग माणूस भलतंच बोलतो किंवा बोलेनासा होतो, आणि त्यापुढचं मला लिहायचं नाही. त्यासाठी माझी एक केशरी पिशवी आहे. तिच्यात दशम्या, केळं आणि खडीसाखरेची डबी असते. रंग मीच निवडला होता. कुठेही ठेवली तरी चटकन डोळ्यांत भरावी म्हणून.

त्या दिवशी द्राक्षांचा हंगाम मध्यावर होता. ओळखीच्या एकांची बाग आहे दिंडोरीच्या अलीकडे. तिच्या बांधावरून रामशेजचा डोंगर फार छान दिसतो. उजेड चांगला मिळावा म्हणून आम्ही लवकर निघालो. त्या घाईत आजोबांनी इन्शुलिन घेतलं आणि उपमा अर्धाच खाल्ला. मी म्हटलं, “संपवा ना.” ते म्हणाले, “मग सूर्याला थांबायला सांग.” मी ताटली उचलली. पिशवी बरोबर होतीच.

पाणी दिलेल्या ओळींमुळे वाट चिखलाची झाली होती, म्हणून गाडी रस्त्यावरच ठेवली आणि चालत बांधावर गेलो. तिथे एक सपाट दगड आहे. आजोबा त्यावर डोंगराकडे तोंड करून बसले. पिशवी शेजारी ठेवली. मी मागे बरीच लांब स्टूल मांडलं.

“टोपी घालू की नको?”

“घाला. पाय खाली. दोन्ही. आणि दोनच.”

“फोटो काढून घरी का नाही रंगवत तू? लोक तसंच करतात.”

“फोटोत सावल्या काळ्याकुट्ट येतात.”

“मग फोटोच बरा. माझे केस तरी काळे येतील.” मग म्हणाले, “आज बघच तू. पुतळा. कबूतर येऊन बसेल डोक्यावर.”

“पैज?”

“पैज. हललो तर आठवडाभर कारल्याची भाजी खाईन, न बोलता.”

मी सावल्या आखून घेतल्या. आजोबांना कागदावर बसवलं, टोपी, फिकट निळा शर्ट, दोन पाय. मग थोडं मागे सरून बघितलं तर त्या सगळ्या हिरव्या-करड्या चित्रात केशरी पिशवी ओरडत होती. मी ती चित्रात काढणारच नव्हते, पण ती तिथे असली की माझा डोळा सारखा तिच्यावर जाई आणि शर्टाचा रंग मला कळेना. मी उठले, पिशवी घेतली. आजोबा म्हणाले, “माझा डबा कुठे नेतेस?” मी म्हटलं, “गाडीत ठेवते. दहा-पंधरा मिनिटांचं काम आहे.” आणि मी खरंच ती गाडीत ठेवून आले. नुसती माझ्या स्टुलामागे ठेवली असती तरी चाललं असतं. पण वस्तू खाली चिखलात ठेवायच्या नाहीत, ही माझी सवय.

मी परत येऊन बसले आणि ढग आला.

ढगांची त्या आठवड्यात सगळ्यांनाच धास्ती होती. बागेत घड कापून क्रेटमध्ये भरणाऱ्या बायका मध्ये मध्ये वर बघत होत्या. तयार द्राक्षांवर पाऊस पडला की मणी तडकतात. मला पावसाची भीती नव्हती, मला उजेड हवा होता. डोंगराच्या उतारावर ऊन आणि बाग सावलीत, एवढा एक क्षण मिळाला की चित्र पूर्ण होणार होतं. ढगाच्या कडेला पांढरी रेघ दिसत होती. आता सुटेल, आता सुटेल असं करत मी हातात भरलेला कुंचला धरून बसले. मध्येच उजेड यायचा, मी दोन पट्टे ओढायची, पुन्हा जायचा. पंधरा मिनिटं कधीच उलटून गेली होती. मी घड्याळ बघितलं नाही. घड्याळ पाण्याने खराब होतं म्हणून चित्र काढताना मी ते पर्समध्ये ठेवते.

आजोबा मात्र हलले नाहीत. एकदा वाऱ्याने त्यांची टोपी उडाली आणि ओळीत जाऊन पडली. त्यांनी वळूनही बघितलं नाही. मला इतकं कौतुक वाटलं. मी मोठ्याने म्हटलं, “वा, आज कारलं वाचलं म्हणायचं.” त्यांनी उत्तर दिलं नाही. पुतळे बोलत नाहीत, असं मी मनात म्हटलं आणि मला हसूसुद्धा आलं. टोपी मी आधीच रंगवली होती, तेव्हा चित्राचं काही बिघडलं नव्हतं.

मग ऊन आलं. अगदी मला हवं तसं, डाव्या बाजूने, सगळ्या उतारावर. मी भराभर डोंगर केला. मग आजोबांकडे बघितलं. त्यांचा शर्ट मी आधी लावला होता त्यापेक्षा गडद दिसत होता. खांद्याखाली, पाठीवर. मी निळ्यात थोडा करडा कालवला आणि तो गडद पट्टा ओढला. चित्रात तो तुम्हाला दिसेल. चांगला उतरलाय. त्यानंतर कुंचला पाण्यात बुडवताना माझा हात थांबला. ऊन डावीकडून येत होतं आणि मी सावली डाव्या खांद्याखाली रंगवली होती. उजेडाच्या बाजूला सावली पडत नाही. मी पुन्हा बघितलं. ती सावली नव्हती. शर्ट घामाने चिंब झाला होता.

त्या बांधावर मी कशी धावले ते मला सांगता येणार नाही. पाण्याचा डबा लवंडला एवढं आठवतं. आजोबांसमोर गेले. चेहरा कागदासारखा पांढरा, डोळे उघडे, आणि ते डोंगराकडे बघत होते. हाताला धरून हलवलं तर हात गार. मी म्हटलं, “अहो, इकडे बघा. माझ्याकडे बघा.” त्यांनी बघितलं आणि रागाने, जड जिभेने म्हणाले, “हलायचं नाही म्हणालीस ना.”

गाडी लांब होती. त्यांना सोडून गेले आणि ते दगडावरून पडले तर? न जावं तर साखर गाडीत. मी तिथे उभी राहून नुसती दोन्हीकडे बघत होते. मग बागेकडे तोंड करून ओरडले. काय ओरडले ते माहीत नाही. एक बाई ओळीतून वाकून बाहेर आली, हातात कात्री तशीच.

“काय झालं, आजी?”

“यांची साखर उतरलीय. गोड काही आहे का? काहीही.”

“चहा हाय किटलीत. पर लय गोड हाय, शुगरवाल्यांना चालत नाय.”

“आत्ता तोच पाहिजे.”

ती किटली घेऊन आली. मी मागून त्यांना धरलं, तिने पेला तोंडाला लावला. पहिल्यांदा त्यांनी तो हाताने ढकलला, तिच्या पातळावर सांडला. ती म्हणाली, “बाबा, प्या. माझ्या हातचा हाय, नाय म्हनू नका.” तेव्हा ते प्यायले. घोट गिळतात की नाही हे मी त्यांच्या गळ्याकडे बघून ताडत होते. एक पेला गेला, मग दुसरा. ती बाई त्यांच्यापाशी बसली आणि मी गाडीकडे गेले, पिशवी आणली. परत येईपर्यंत त्यांच्या ओठांवर थोडा रंग आला होता आणि ते तिला विचारत होते की या बागेत कोणतं वाण आहे.

“चहा फक्कड आहे,” ते मला म्हणाले. “किती वर्षांनी असा मिळाला.”

“अजून देऊ का, बाबा?”

“हिला विचार. इथे सगळं हिच्या परवानगीने चालतं.”

बाई हसली. मला हसता आलं नाही. मी दशमी मोडून त्यांच्या हातात दिली आणि ते खाईपर्यंत त्यांच्या मनगटावर बोटं ठेवून बसले. ऊन उतारावर तसंच होतं. अख्ख्या सकाळीत असा उजेड मिळाला नव्हता.

गाडीत बसल्यावर मला किल्ली लावता येईना. आजोबांनी ती माझ्या हातातून घेतली, लावली, आणि म्हणाले, “चित्र झालं का?”

“झालं.”

“आणि पाय?”

“दोन.”

डॉक्टरांनी तपासलं, औषधाचं प्रमाण थोडं बदललं, आणि खाल्ल्याशिवाय घरातून निघायचं नाही म्हणून बजावलं. तेवढ्यावर निभावलं. पण नंतरचे दिवस मला जड गेले. घरी आल्यावर दोन दिवसांनी आजोबा जेवताना सहज म्हणाले, “मी तुला हाक मारली होती. दोनदा.” मग थांबून म्हणाले, “मारली होती की मारावी असं वाटलं होतं, कोण जाणे.” मी ती ऐकली नाही. वारा माझ्या बाजूने तिकडे वाहत होता. त्यांनी हाक मारली आणि मी ढगाच्या कडेकडे बघत राहिले, असंही असेल. याचा निकाल आता लागणार नाही.

मला सगळ्यात जास्त कशाची भीती वाटली ते सांगते. मी त्यांच्याकडे दुर्लक्ष केलं असतं तर मी स्वतःला समजावू शकले असते की यापुढे लक्ष देईन. पण मी तर त्यांच्याकडेच बघत होते. घरात मी त्यांच्याकडे कधी इतकं बघत नाही. खांद्याचा उतार, मानेची रेघ, शर्टाचा रंग, सगळं मी टिपत होते, आणि तरीही ते माझ्यासमोर बुडत असताना मला दिसलं नाही. मग यापुढे लक्ष द्यायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

मी रंगांची पेटी बंद केली. ते गच्चीत पेपर वाचत बसले की मी दारातून डोकावायची. दुपारी पडले की शर्टाची पाठ हाताने चाचपायची. साखर तपासायला त्यांची बोटं इतकी टोचली की त्यांनी हात मागे लपवायला सुरुवात केली.

“अगं, किती वेळा येऊन बघतेस? तिकीट लाव दाराला.”

“बघू नको तर काय करू?”

“चित्र काढ.”

“ते आता बंद. तुमच्या मुलालाही सांगितलंय मी, बाहेर जाणं बंद.”

“त्याला काय, तो खूश होईल. मी इथे बसून काय करू? दिवसभर तू आत, मी बाहेर. आलीस तर नुसती तपासून जातेस. तिथे निदान तू माझ्याकडे बघत तरी असतेस.”

“बघत होते, आणि काय उपयोग झाला?”

त्यांनी पेपरची घडी घातली. मग त्यांनी वीज केंद्रातली गोष्ट काढली. तिथे ते म्हणे काट्यांकडे कधीच पूर्ण विसंबून राहत नसत. यंत्राचा आवाज कानात असायचा. आवाज जरा बदलला की मान आपोआप वळायची. “डोळे तुझे चित्रात राहू देत,” ते म्हणाले. “कान मला दे. मी बोलत राहतो.”

“तुम्ही? चित्राच्या वेळी?”

“पेपर वाचतो मोठ्याने. पण मग तोंड तुझ्याकडे करून बसणार. पाठीला कोण वाचून दाखवतो?”

आम्ही परवा पुन्हा गेलो, त्याच बांधावर. हंगाम संपला, छाटणी झाली, आता तिथे नुसती खोडं आणि तारा उरल्या आहेत. हिरवा रंग पेटीतून काढावाच लागला नाही. चहा देणारी बाई भेटली नाही, छाटणीची टोळी पुढच्या बागेत गेली होती. आजोबांनी निघण्याआधी माझ्यासमोर ताटली पुसून खाल्ली. खडीसाखर आता त्यांच्या प्रत्येक शर्टाच्या खिशात असते, आणि मी ती न काढता धुवायला टाकते म्हणून खिसे चिकट झालेत. केशरी पिशवी त्यांच्या पायाशी होती. ती मी चित्रात रंगवली आहे. चित्राला ती मुळीच शोभत नाही.

ते वाचत होते. सोन्याचे भाव, पाणीकपात, वणीच्या यात्रेची तयारी, बिबट्या कुठे दिसला ते. मी एकदा म्हटलं, “निधनवार्ता सोडा.” ते म्हणाले, “त्यातच तर ओळखीचे लोक भेटतात.” मी आकाशाचा रंग लावायला घेतला. ऊन लवकर चढलं होतं, कागद झपाझप वाळत होता, म्हणजे हात न थांबवता एका दमात खाली यायला हवं होतं. मी निम्म्यावर आले आणि आवाज बंद झाला.

मी कुंचला टाकला. स्टूल मागे पडलं. त्यांच्यापर्यंत पोहोचले तेव्हा त्यांनी वर बघितलं, चष्मा नाकावर, हातात पेन.

“काय गं?”

“गप्प का झालात?”

“शब्दकोडं आलं. ते कसं वाचून दाखवू?” मग माझ्याकडे नीट बघून म्हणाले, “बस इथे जरा. पाणी पी.”

मी दगडावर त्यांच्या शेजारी बसले. पाणी प्यायले. त्यांनी कोड्यातलं आडवं-उभं मोठ्याने वाचायला सुरुवात केली, उत्तरं चुकीची असली तरी. तोवर तिकडे कागदावर आकाश अर्ध्यात वाळून गेलं.

हे वाचून तुमच्या बाबाला आता सगळं कळलेलं असेल. त्याचा फोन येईल, तेव्हा मी त्याच्याशी बोलेन. आम्ही जाणं थांबवणार नाही, पण मला भीती वाटत नाही असंही मी त्याला सांगणार नाही. वाटते. आता चित्र काढताना पोटात दोन गोळे असतात, आणि चित्रं पूर्वीपेक्षा वाईट होतात.

दोन्ही चित्रं एकत्र पाठवते आहे. पहिल्यात आजोबा छान बसले आहेत, कधी नव्हे इतके. दुसऱ्यात त्यांचं तोंड उघडं आहे आणि आकाशाच्या मधोमध एक ठळक कड उठली आहे. तिथे ते शब्दकोड्यापाशी गप्प झाले होते. भिंतीवर एकच लावायला जागा असेल तर दुसरं लावा. पाय दोन्हींत दोनच आहेत, मोजून घ्या.